गाडीचे तोंड वर, खर्चही वर



जिल्ह्याच्या बैठकीसाठी निघणाऱ्या पत्रकात भाव, कर्ज, बोंडअळी सोडून पिकअपच्या पुढच्या चाकांवर लिहायचे, हे काहींना खटकेल. खटकू द्या. मागच्या बैठकीला चहाच्या सुटीत आम्ही बाहेर उभ्या असलेल्या गाड्यांमधून एक चक्कर मारली. पाच पिकअपचे तोंड मुद्दाम वर उचललेले दिसले. त्यांतल्या चार गाड्यांचे पुढचे टायर एका कडेने खाल्लेले होते. मधली नक्षी नव्यासारखी आणि कड मात्र गुळगुळीत. मालकांना विचारले तर उत्तर एकच, "कंपनीचा टायरच खराब निघाला." चौघांनाही खराब टायर कसा मिळेल? आम्ही वाकून हात फिरवून पाहिला आणि तेव्हाच ठरवले की याचा हिशेब एकदा मांडायचा. कारण हा खर्च कापसाच्या भावातूनच जातो, फक्त पावती वेगळ्या दुकानाची असते.

मागचा भाग उंच का असतो?

रिकामी पिकअप सपाट जागी उभी करून बाजूने पाहा. मागचा भाग उंच आणि तोंड थोडे खाली दिसेल. पाहणाऱ्याला वाटते, गाडी वाकली आहे. वस्तुतः तशी ती मुद्दाम केलेली असते. मागचे पाटे ओझ्यासाठी कडक बसवलेले असतात. हौद्यात माल पडला की मागचा भाग खाली बसतो आणि गाडी जमिनीला समांतर होते. म्हणजे आपण ज्याला दोष समजतो ती ओझ्यासाठी राखलेली जागा आहे.

आता रिकाम्या गाडीचे तोंड उचलून तिला समांतर केले, की ती रिकामी असेपर्यंत छान दिसते. पण आपण पिकअप घेतली ती रिकामी फिरवायला नाही. कापूस भरला की मागचा भाग बसणारच, आणि गाडी आभाळाकडे तोंड करून चालणार. ही लेव्हल करण्याची टूम मुळात अमेरिकेतली. तिकडे पिकअप पुष्कळदा घरच्या मोटारीसारखी वापरतात, हौदा आठवडाभर रिकामा असतो. तिथल्या माणसाने हौसेने केले तर त्याची हौस त्याला लखलाभ. आपल्या हौद्यात ज्वारीची पोती असतात.

मिस्त्री नेमके काय करतो?

आपल्याकडच्या गाड्यांत पुढची बांधणी मुख्यतः दोन प्रकारची दिसते. एका प्रकारात पुढेही सरळ आख आणि पाटे असतात. तिथे मिस्त्री एक पाटा वाढवतो. दुसऱ्या प्रकारात दोन्ही चाके स्वतंत्र हलतात. त्यांतल्या काही गाड्यांत स्प्रिंग असते, तिथे वर लोखंडाची किंवा रबराची चकती घालतात. काहींत टॉर्शन बार असतो. हा पोलादी दांडा चेसीला समांतर जातो. त्याचे एक टोक चाकाच्या आर्मला आणि दुसरे एका बोल्टने ताणलेले असते. चाक वर गेले की दांडा पिळला जातो आणि सुटताना चाकाला परत खाली ढकलतो. मिस्त्री तो बोल्ट आवळतो आणि पंधरा मिनिटांत तोंड दोन इंच वर येते. मालक खूष, मिस्त्रीला चहा.

बोल्ट आवळल्याने दांडा काही जास्त बळकट झाला नाही. त्याची ताकद त्याच्या जाडीत आणि लांबीत असते. बोल्टने फक्त उभे राहण्याची जागा बदलली. चाकाला वर आणि खाली हलायला ठराविक वाव असतो. गाडी आधीच वर उचलून धरली की खालचा वाव संपतो. मग चाक खड्ड्यात उतरायला जाते तेव्हा आर्म अटकावाला आपटतो आणि "खाड्" असा आवाज येतो. खड्डा उथळ असला तरी दणका मणक्यात जातो. लोक म्हणतात, "शॉकअप गेले." नवे शॉकअप टाकतात आणि तेही तेल सोडू लागतात, कारण ते सदा पूर्ण ताणलेले राहतात. बॉल जॉइंट तिरपे राहून काम करतात, त्यांची रबरी टोपणे फाटतात, आत आपल्या काळ्या मातीची धूळ शिरते आणि वंगणाची कानस होते. ब्रेकचा रबरी पाइप ताणला जातो. हे सर्व एका बोल्टच्या पाच फेऱ्यांनी होते.

पाटा वाढवलेल्या गाडीची गोष्ट थोडी वेगळी. तिथे स्प्रिंग खरोखरच कडक होते, म्हणून रिकामी गाडी उड्या मारते. सरळ आखामुळे चाकाचा उभा कल तसा बदलत नाही, पण स्टिअरिंगचा दांडा तिरपा होतो. मग स्टिअरिंग सरळ धरले तर गाडी तिरपी जाते, आणि खड्ड्यात चाक वरखाली झाले की स्टिअरिंग हातात आपोआप फिरते.

टायर कोण खाते?

आम्ही शेतकी महाविद्यालयात शिकलो तेव्हा नांगराची ओढीची रेषा शिकवली जात असे. ओढ आणि अवजार एका रेषेत नसले की नांगर एका बाजूला पळतो, माणसाच्या दंडाला आणि बैलाच्या खांद्याला त्रास होतो. पुस्तक न वाचताही हे तुम्हाला ठाऊक आहे. तिफणीची दांडी तिरपी बांधली तर तास वाकडे पडतात आणि एका बैलाचा खांदा सोलतो. पिकअपच्या पुढच्या दोन चाकांचे अगदी तसेच आहे.

दोन्ही चाके वरून पाहिली तर जवळजवळ समांतर हवीत. याला गॅरेजात टो म्हणतात. तोंड उचलले की आर्मचे कोन बदलतात, पण टाय रॉडची लांबी तीच राहते. त्यामुळे चाके आत किंवा बाहेर वळतात. चाके प्रमाणाबाहेर आत वळली तर टायरची बाहेरची कड जाते, बाहेर वळली तर आतली कड जाते. शिवाय चाकाचा उभा कल बदलतो, त्यानेही एकच कड घासते.

किती घासते, ते साध्या त्रिकोणमितीने काढता येते. एक चाक आपल्या सरळ रेषेपासून अर्धा अंश जरी वळलेले असले, तरी दर किलोमीटरला ते सुमारे ९ मीटर आडवे घासत जाते. अर्धा अंश डोळ्याला दिसतसुद्धा नाही. पंधरा इंची रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेत तो जेमतेम ३ मिलीमीटरचा फरक असतो. पण गाडी १०,००० किलोमीटर चालली की ते चाक ८७ किलोमीटर आडवे ओढले गेलेले असते! सहाणेवर खोड घासावे तसा टायर डांबरावर घासतो. मग तो संपला तर त्यात कंपनीचा काय दोष?

आमचाच अनुभव

दुसऱ्याची चूक सांगण्याआधी स्वतःची सांगितली पाहिजे. आमच्या गटाने चार जणांत मिळून एक जुनी पिकअप घेतली. पावसाळ्यात पांदणीत पुढचा बंपर चिखल ओढत होता, म्हणून तालुक्याच्या गावी एका गॅरेजात तोंड उचलून घेतले. मिस्त्रीने अलाइनमेंटचे नाव काढले नाही आणि आम्हीही विचारले नाही. सुगीच्या अखेरीस पुढचे दोन्ही टायर आतल्या कडेने तारेपर्यंत आले. दोन टायरना तेरा हजार रुपये लागले. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. म्हणजे हमीभावाने विकलेला दीड क्विंटलहून अधिक कापूस दोन टायरांवर गेला. कोरडवाहूत एकरी चार-पाच क्विंटल आले तर आपण देवाचे आभार मानतो. एक तृतीयांश एकराची पऱ्हाटी आम्ही डांबरावर घासून टाकली.

पण टायर हे स्वस्तातले नुकसान होते. जानेवारीतल्या एका रात्री हौद्यात कडबा भरून गाडी परत येत होती. पेंढ्या फाळक्याच्या बाहेर लोंबत होत्या. गाडीचे तोंड इतके वर, की दिव्याचा झोत झाडांच्या शेंड्यांवर पडत होता. पुढे एक बैलगाडी चालली होती, मागे कंदील नाही, चमकपट्टी नाही. ती आमच्या चालकाला दिसली तेव्हा फार उशीर झाला होता. त्याने स्टिअरिंग वळवले, पण हलक्या झालेल्या चाकांनी वळण नीट घेतले नाही. बैलगाडीचे चाक मोडले, बैल वाचले, गाडीवानाच्या हाताला दीड महिना प्लास्टर राहिले. ऐन वेचणीच्या दिवसांत त्या घरातला एक कमावता हात बंद पडला. आम्ही दवाखान्याचा खर्च दिला आणि मजुरीही दिली. तरी त्या घरासमोरून जाताना मान खाली जाते. त्याने कंदील लावायला हवा होता, हे खरे. पण आमचे दिवे जमिनीवर असते तर तो कंदिलाविनाही दिसला असता.

बैलगाडीचे शहाणपण कुठे गेले?

आपले वडील बैलगाडी भरताना काय पाहत? गाडी उलाळ झाली तर जू वर उचलते आणि जोत्याने बैलांचा गळा आवळतो. पुढे जड झाली तर मानेवर भार येतो. म्हणून ते पोती आखाच्या आगेमागे सरकवून, जू हाताने उचलून भार अजमावत. पिकअप आली आणि हे शहाणपण आपण गोठ्यात ठेवून आलो.

पिकअपलाही तोच नियम आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांत साधारण तीन मीटर अंतर धरा. मागच्या चाकांच्या एक मीटर मागे १०० किलोचे पोते ठेवले, तर पुढच्या चाकांवरचा भार ३३ किलोंनी कमी होतो. म्हणजे फाळक्यालगत अशी सहा पोती टाकली, तर पुढून दोनशे किलो उचलले गेले. तेच पोते केबिनला लागून ठेवले तर काही भार पुढच्या चाकांवर येतो. तोंड आधीच वर, त्यात माल मागे, म्हणजे उलाळ गाडी. बैल असता तर त्याने मान झटकून सांगितले असते. इंजिन काही बोलत नाही.

म्हणून ज्वारीची, हरभऱ्याची पोती आधी केबिनलगत लावावीत. कापूस हलका पण ढीग मोठा. तो उंच रचला की वळणावर गाडी कलते, म्हणून दाबून भरावा आणि उंचीला आवर घालावा. कडबा फाळक्याबाहेर लोंबू देऊ नये. दोन खेपा परवडतात, एक अपघात परवडत नाही.

"पण पांदणीतून गाडी निघत नाही, त्याचे काय?"

हा आक्षेप खरा आहे आणि त्याला उत्तर दिलेच पाहिजे. आपली काळी जमीन पावसात फुगते, चाकोऱ्या खोल पडतात, मधला उंचवटा गाडीच्या पोटाला लागतो. तोंड उचलल्याने पुढचा बंपर आणि इंजिनखालचा भाग थोडा सुटतो, हे आम्ही नाकारत नाही. पण गाडी अडकते कुठे ते एकदा वाकून पाहा. पुष्कळदा ती अडकते मागच्या आखाच्या गोळ्यावर. तो गोळा आखाला धरून असतो. पुढचा बोल्ट कितीही आवळा किंवा मागे पाटे वाढवा, गोळा जमिनीपासून केसभरही वर येत नाही. तो फक्त चाकाच्या उंचीने ठरतो. म्हणजे ज्या रोगासाठी औषध घेतले त्या रोगावर ते अर्धेच चालते, आणि दुष्परिणाम मात्र पूर्ण होतात.

मागे पाटे वाढवण्याबद्दलही एक इशारा. काही गाड्यांत मागच्या आखाजवळ ब्रेकचा एक व्हॉल्व्ह असतो. मागचा भाग किती बसला यावरून तो ओझे ओळखतो आणि मागच्या चाकांना तेवढा ब्रेक देतो. पाटे वाढवले की मागचा भाग बसत नाही. व्हॉल्व्हला वाटते गाडी रिकामी आहे, आणि भरल्या गाडीचा मागचा ब्रेक कमी पडतो. पाटे वाढवले तर हा व्हॉल्व्ह पुन्हा लावून घ्यायला हवा, हे किती गॅरेजांत सांगतात?

आणखी एक भेद नीट समजून घ्यावा. जुन्या गाडीचे टॉर्शन बार किंवा पाटे वर्षानुवर्षांच्या ओझ्याने खचतात. खचलेली गाडी कंपनीने ठरवलेल्या उंचीवर परत आणणे ही दुरुस्ती आहे. बोल्ट त्यासाठीच दिलेला असतो. त्या उंचीच्याही वर नेणे हा बदल आहे. आमचा विरोध बदलाला आहे, दुरुस्तीला नाही.

कायद्याची बाजूही थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीच्या वेळच्या मूळ रचनेत मालकाला मनाप्रमाणे फेरफार करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. जादा ओझ्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड आहे. अपघातानंतर बोट दाखवायला कारण हवेच असते. बाहेरून घातलेली चकती हे आयते कारण होते.

करायचे काय?

पहिले, ज्यांनी तोंड उचलले आहे त्यांनी या आठवड्यात टायर हाताने तपासावा. नक्षीवरून हात आतून बाहेर आणि बाहेरून आत फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखे लागले, तर टो बिघडला आहे.

दुसरे, टो घरी मोजता येतो. सपाट जागी गाडी थोडी पुढे ढकलून स्टिअरिंग सरळ ठेवा. दोन्ही पुढच्या टायरांच्या मधोमध, समोरच्या बाजूने, आखाच्या उंचीवर खडूने खूण करा. दोन खुणांमधले अंतर टेपने मोजा. मग चाक अर्धा फेरा फिरेल इतकी गाडी पुढे ढकला, म्हणजे त्याच खुणा मागच्या बाजूला येतील. पुन्हा मोजा. दोन मापांतला फरक सहा-सात मिलीमीटरच्या वर असेल, तर रस्त्यावर न्यायच्या आधी अलाइनमेंट करून घ्या. दोन माणसे, एक टेप आणि एक खडू एवढ्यावर हे काम होते.

तिसरे, गाडी मूळ उंचीवर आणा. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे माप दोन्ही बाजूंना सारखे हवे. त्यानंतर गाडी थोडी चालवून बसू द्या, मग अलाइनमेंट करा, आणि शेवटी दिवे खाली लावून घ्या. दिवे लावताना हौद्यात नेहमीचे ओझे ठेवा.

चौथे, गाडीची एक वही ठेवा. टायर, शॉकअप, बॉल जॉइंट केव्हा टाकले आणि तेव्हा किती किलोमीटर झाले, एवढेच लिहा. पिकाचा उत्पादनखर्च आपण पै-पैचा मांडतो, आणि वाहतुकीचा आकडा मात्र अंदाजाने सांगतो. जो खर्च लिहिला जात नाही तो भाव मागतानाही मोजला जात नाही.

पाचवे आणि सर्वात महत्त्वाचे. पांदण खराब म्हणून आपण गाडी वाकवली. दोष रस्त्यात होता आणि दंड आपण आपल्याच टायरांना, आपल्याच मणक्यांना केला. शेत-पाणंद रस्त्यांसाठी राज्य सरकारने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी योजना काढली, त्यात रोजगार हमीची सांगड घातली. आपल्या गावच्या किती पांदणी त्यात धरल्या आणि किती झाल्या, हे ग्रामसभेत लेखी विचारा. पांदण कोणी अडवली असेल तर मामलेदार न्यायालय कायदा १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. हे काम बोल्ट आवळण्याइतके पंधरा मिनिटांत होणारे नाही. पण ते एकदा झाले की गावातल्या सगळ्या गाड्यांचे होते, बैलगाडीवाल्याचेही होते.

आमच्या गटाने गाडी मूळ उंचीवर आणली आहे. बंपर अजूनही चिखलाला लागतो. पावसाळ्यात पांदणीच्या तोंडाशी गाडी उभी करून पोती बैलगाडीने तिथवर आणतो. त्रास आहे, पण टायर सरळ झिजतात आणि रात्री दिवा रस्त्यावर पडतो.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना टेप आणि खडू आम्ही आणू. तुम्ही गाडी आणा आणि गावच्या पांदणींची यादी आणा. सभा सुरू होण्याआधी तासभर आवारात गाड्या मोजू, आणि सभेत पांदणी मोजू.